आधी टेप, मग लॅपटॉप: बडोद्यात बांधकाम व्यवस्थापन शिकायला येणाऱ्यांसाठी

जून उजाडला की आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घरी कुणाचा तरी भाचा नाहीतर कुणाची तरी मुलगी येऊन बसते. सोबत आई असते, आणि प्रश्न आईच विचारते: "साधं सिव्हिल घ्यावं, की हे मॅनेजमेंटवालं?" मुलगा मोबाइलकडे बघत असतो. चहा संपेपर्यंत माझ्या लक्षात येतं, की 'मॅनेजमेंट' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर एसी केबिन आली आहे. दरवर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा यंदा लिहून ठेवते आहे. मी कलाभवनातून (इथलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज) सिव्हिल केलं, पुढे वल्लभ विद्यानगरला याच विषयात एम.ई. केलं. साइटवर आधी बिलिंग केलं, आता प्लॅनिंग बघते.

विषय आहे तरी काय

स्ट्रक्चरवाला सांगतो, बीम किती जाडीचा हवा. आपण सांगायचं, की तो बीम कुठल्या आठवड्यात ओतला जाईल, त्याला किती सिमेंट-सळई लागेल, किती पैसे लागतील, ते पैसे कधी हातात येतील आणि उशीर झाला तर कुणाच्या माथी. वेळ, माप, पैसा, करार, माणसं, सुरक्षितता आणि गुणवत्ता असं सगळं त्यात येतं. अभ्यासक्रमात याचे वेगवेगळे पेपर असतात. साइटवर ते सगळे एकाच सकाळी तुमच्या टेबलावर येतात.

तेव्हा केबिनचं चित्र आधी पुसून टाका. निदान पहिली चार-पाच वर्षं.

कुठल्या दाराने आत जायचं

आपल्याकडे बहुतेक जण आधी सिव्हिलची पदवी घेतात आणि पदव्युत्तर टप्प्यावर हा विषय निवडतात. मीही तोच रस्ता सुचवेन. काँक्रीट, माती आणि सर्व्हेइंग पक्कं झाल्याशिवाय त्यांच्या कामाचं नियोजन करणं म्हणजे स्वयंपाक न येता पंगतीचा हिशेब मांडणं. आर्किटेक्चर केलेल्यांनाही बऱ्याच संस्था पुढे घेतात.

गुजरातमधल्या इंजिनिअरिंगच्या जागा एसीपीसी या प्रवेश समितीमार्फत भरतात. महाराष्ट्रातून बारावी करून येणार असाल तर जेईई मेन दिलेली हवी. ती मराठीतूनही देता येते, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नाही. इथल्या शाळांतली मुलं गुजसेट देतात, तिच्यात मराठीचा पर्याय नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला यायचं असेल तर डीडीसीईटी नावाची परीक्षा आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. यंदाची माहितीपुस्तिका उघडून स्वतः वाचा. पुढे आयुष्यभर टेंडर वाचायची आहेत, सराव होईल.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं तंत्रज्ञान व अभियांत्रिकी संकाय आहे, म्हणजेच आपलं कलाभवन. सयाजीरावांनी ते १८९० मध्ये सुरू केलं आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले होते. विद्यापीठ त्यानंतरचं, १९४९ चं. शिकवणं इंग्रजीतून चालतं. पारुल, नवरचना ही खासगी विद्यापीठंही शहरात किंवा शहराला लागून आहेत. खासगी ठिकाणी प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी बघा: मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये घामाचा आणि सिमेंटचा वास येतो का, आणि शेवटच्या वर्षाची मुलं साइटवर जातात की नुसत्या फाइली रंगवतात.

पदव्युत्तरसाठी बडोद्याहून रेल्वेने तास-दोन तासांच्या आत दोन चांगली ठिकाणं आहेत: वल्लभ विद्यानगरचं बीव्हीएम आणि अहमदाबादचं सेप्ट. पुण्याचं निकमार याच विषयासाठी उभं राहिलेलं. आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रासलाही हा विषय आहे. आयआयटी-एनआयटीसाठी बहुतेकांना गेट ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. तिचा स्कोअर ३ वर्षं चालतो आणि मान्यताप्राप्त पूर्णवेळ अभ्यासक्रमात गेटवाल्यांना महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरी बाबांशी बोलताना हा आकडा कामाला येतो.

पहिली दोन वर्षं: मोजायला शिका

पहिल्या वर्षाची मुलं मला विचारतात, प्रिमाव्हेरा (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) कधी शिकू? मी विचारते, तुझ्या खोलीच्या स्लॅबला किती गोणी सिमेंट लागलं असेल? इथे गाडी अडते.

हा हिशेब करून बघा. खोली ६ मीटर बाय ४ मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर जाड. म्हणजे ३ घनमीटर काँक्रीट. एकास दीड-तीन (सिमेंट, वाळू, खडी) या मिश्रणात कोरड्या मालाचं घनफळ ओल्याच्या १.५४ पट धरतात. त्याचा साडेपाचावा भाग सिमेंट, आणि ५० किलोची एक गोणी साधारण ०.०३५ घनमीटर. घनमीटरला आठ गोणी, स्लॅबला चोवीस. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरचा अख्खा बार साधारण पावणेअकरा किलो. एवढं तोंडपाठ झालं की साइटवर कुणी ट्रकची पावती पुढे केली तर तुम्ही निदान भुवई तरी उंचावू शकता.

त्यानंतर आयएस १२०० हे मोजमापाचं भारतीय मानक बघा. कुठलं काम कसं मोजायचं, भिंतीतलं कुठलं भोक वजा करायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते त्यात आहे. वाचायला रुक्ष आहे, कबूल. पण बिलावरचं अर्धं भांडण त्याच पानांवरून होतं.

एककांचा घोळ आत्ताच मिटवा. महाराष्ट्रातून येणाऱ्याच्या तोंडात ब्रास असतो (१०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर), ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि मिस्त्री बोलतो फुटात. वहीत काय ते मीटर-घनमीटरमध्येच लिहा.

भाषाही शिका, पुस्तकातली नव्हे, साइटवरची. आपला गवंडी इथे कडियो होतो, खडीची कपची होते, विटकामाचं चणतर आणि रोजंदारीची दाडी. ओळंबा मात्र इथे फार तर ओळंबो होतो. पहिल्या दिवशी मला त्याचाच आधार वाटला होता. दांडिया बाजारासारख्या मराठी वस्तीत वाढलेल्यांना गुजराती येतं असा आमचा समज असतो, पण कडियासमोर ते दुकानदाराशी बोलायचं गुजराती निघतं. तो हसतो आणि आपलंच खरं करतो.

वेळापत्रक: इथे जरा थांबा

सीपीएम आणि पर्ट हे दोन शब्द तिसऱ्या वर्षात भेटतील: कामांचं जाळं काढून वेळापत्रक आखायच्या या दोन पद्धती. पहिली पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत आकाराला आली, दुसरी १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात. परीक्षेत बाण आणि गोल काढून सगळ्यात लांब वाट शोधायची असते. जमतं. अवघड असतं ते प्रत्येक कामाला किती दिवस लागतील ते लिहिणं, कारण ते दिवस प्रश्नपत्रिकेत दिलेले असतात आणि साइटवर कुणी देत नाही.

स्लॅबचं उदाहरण घ्या. सेंट्रिंगला (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) चार दिवस, सळईला तीन, वायरिंगच्या नळ्यांना एक, ओतायला एक. विद्यार्थी इथे बेरीज करून मोकळा होतो. पण खालचे टेकू कधी काढायचे? आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक म्हणतं, स्लॅबच्या ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमचा गाळा ६ मीटरपर्यंत असेल तर १४, त्यापुढे २१. तेवढे दिवस खालच्या मजल्यावर टेकूंचं जंगल असतं, प्लास्टर होत नाही, आणि तेच टेकू वरच्या मजल्याला हवे असतात. म्हणजे एक तर थांबा, नाहीतर सेंट्रिंगचा दुसरा संच भाड्याने आणा. त्या भाड्याची आणि वाचलेल्या दिवसांची तुलना करणं हेच आपलं काम. शिवाय हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. दुकानातून येणारी गोणी पुष्कळदा पीपीसीची (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटची) असते, ती ताकद सावकाश धरते, मग दिवस वाढवावे लागतात. गोणीवर काय छापलंय ते बघायची सवय विद्यार्थिदशेतच लावून घ्या.

आता कॅलेंडर. सॉफ्टवेअरमध्ये रविवारची सुट्टी आपोआप येते, होळी येत नाही. बडोद्यातल्या साइटवरचे बरेच मजूर दाहोद-पंचमहालचे किंवा सीमेपलीकडच्या झाबुआ-अलिराजपूरचे. होळीआधी भगोरियाचे बाजार भरतात आणि माणसं बायकापोरांसह गावी जातात. माझ्या अनुभवात साइट पुन्हा भरायला पंधरवडा तरी जातो. पहिला पाऊस पडला की पेरणीला पुन्हा तेच. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी तर सोडूनच द्या. त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं आणि तुम्हीही साइटवर जाणार नाही. हे सगळं आधीच कॅलेंडरमध्ये घातलंत तर वेळापत्रकावर कुणी विश्वास तरी ठेवेल. मार्च अखेरचं टार्गेट ठरवून होळीला कपाळावर हात मारणारे मोठमोठे पदवीधर मी पाहिले आहेत.

आणि विश्वामित्री नदी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पाणी शहरात शिरलं, मागोमाग मगरीही आल्या. बेसमेंटचं खोदकाम करायचं असेल तर ते कुठल्या महिन्यापर्यंत जमिनीच्या वर यायला हवं, हे उलट्या बाजूने मोजत या. बडोद्यात वेळापत्रक जूनपासून मागे आखतात.

कागद

माझी पहिली साइट शहराबाहेरच्या एका शेडची होती. पायाचं खोदकाम सुरू झालं तर काळी माती संपेचना. ड्रॉइंगपेक्षा अर्धा मीटर खाली जावं लागलं. खोदकाम जादा आणि खालचं पीसीसीही (सळईविना काँक्रीट) जादा. मी सगळं व्यवस्थित मोजून वहीत लिहिलं, अगदी रेखाचित्रासकट. पण समोरच्या सल्लागाराच्या इंजिनिअरची सही राहिली. तो दोन दिवस आला नव्हता. ढग भरून आले, मुकादमाने घाई केली, आम्ही खड्डे भरून टाकले. बिल गेल्यावर त्यांनी विचारलं, "जादा काम दाखवा." ते जमिनीखाली होतं. आमचे मालक ओरडले नाहीत. ती वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन चहा सांगितले. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोरमनकाका (मूळचे साताऱ्याचे, तीन पिढ्या बडोद्यात) तेवढं म्हणाले, "ताई, सही नाही ते माप नाही."

म्हणून कराराचा पेपर 'पाठांतराचा' म्हणून टाकू नका. बीओक्यू (कामांची आणि मापांची यादी), चालू बिल, म्हणजे ज्याला सगळे आरए बिल म्हणतात ते, त्यातून हमी म्हणून कापून ठेवलेली रिटेन्शनची रक्कम, जादा बाबी, मुदतवाढ, उशिराचा दंड: हे शब्द एखाद्या खऱ्या टेंडरमध्ये शोधून वाचा. सरकारी टेंडरं संकेतस्थळांवर सर्वांना बघता येतात. एक उतरवून घ्या, रविवारी दुपारी पेन्सिल घेऊन बसा. १८७२ च्या करार कायद्याची ७३ आणि ७४ ही कलमं भरपाईची आहेत. ७४ वं सांगतं, की करारात आधीच आकडा लिहिला असला तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढंच देतं. दंडाचं कलम पाहून घाबरणाऱ्याला आणि त्याला हसणाऱ्याला, दोघांनाही हे माहीत हवं. घरं घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा २०१६ चा. घराचा ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरकडे. म्हणजे तुम्ही आज भरलेलं क्यूब टेस्टचं (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचं) रजिस्टर पाच वर्षांनी कुणीतरी उघडू शकतं. ते एका रात्रीत एकाच पेनाने भरलेलं असेल तर ते दिसतं.

९ जुलै २०२५ ला पादरा तालुक्यातला गंभीरा पूल कोसळला, माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बांधून झालेल्या वस्तूची देखभाल आणि तपासणी हाही याच विषयाचा भाग आहे, आणि वर्गात त्याला सगळ्यात कमी तास मिळतात. प्रकल्पासाठी विषय सापडत नसेल तर इकडे बघा.

शहर वापरून घ्या

बडोद्यात शिकण्याचा फायदा वर्गाबाहेर जास्त आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग शहरातून जातो. मोकळ्या भागात ४० मीटरचा, सुमारे ९७० टनांचा अख्खा गर्डर यार्डात ओतून खांबांवर नेऊन ठेवायची पद्धत वापरली आहे. दुसरीकडे लहान तुकडे जोडत गाळा पूर्ण करतात. कुठे कुठली पद्धत आणि का, याचा विचार करा: यार्डाला जागा किती लागते, एवढ्या वजनाची यंत्रं कुठून आणायची, वेग किती वाढतो. आत शिरायला परवानगी लागते. ती कॉलेजच्या पत्रावर मागा. भिंतीवरून डोकावून फोटो काढू नका. लालबागच्या गतिशक्ती विश्वविद्यालयात रेल्वे-वाहतुकीवर व्याख्यानं होतात, चौकशी ठेवा.

जुनंही बघा. लक्ष्मी विलास राजवाड्याचं काम चार्ल्स मँटने सुरू केलं, तो १८८१ मध्ये वारला, आणि रॉबर्ट चिझमने ते १८९० मध्ये पुरं केलं. मधेच आर्किटेक्ट बदलला तर काम कसं हाती घेतात, यावर आजही परिसंवाद होतात! मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन आहे, जेणेकरून वरचा उजेड खाली झिरपावा. मराठी पुस्तकांचा मोठा साठा तिथे आहे, तेव्हा परीक्षेनंतर दुसऱ्याही कारणासाठी जा.

राहणं, आणि मुलींसाठी थोडं वेगळं

कलाभवनला जायचं तर दांडिया बाजार, रावपुरा, राजमहाल रोड पायी अंतरावर. जुन्या वाड्यांत मराठी घरमालक अजून भेटतात आणि गणपतीत जेवणाची चिंता नसते. मुख्य कॅम्पसच्या बाजूला प्रतापगंज-फतेहगंज. सकाळी सेव-उसळ खाऊन साइटवर जाऊ नका, दुपारपर्यंत पाण्याचा शोध घेत फिराल.

मुलींनो, साइटवर जाण्याआधी एकच प्रश्न संकोच न करता विचारा: बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? उत्तर 'बघू' असेल तर ते 'नाही' असतं. मी दोन वर्षं पाणी कमी प्यायले आणि मूतखडा करून घेतला, तसं करू नका. सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचे स्वतः विकत घ्या. स्टोअरमध्ये बहुधा आठ-नऊ नंबरच असतात. तुम्हाला 'बेन' म्हणतील, 'मॅडम' म्हणतील. पहिले पंधरा दिवस प्रत्येक सूचना मुकादम शेजारच्या मुलाला विचारून पक्की करेल. एकदा तुमचं सळईचं माप त्याच्या मापापेक्षा बरोबर निघालं की ते थांबतं.

उन्हाळा, प्रबंध आणि पहिली नोकरी

दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात छोट्या ठेकेदाराकडे जा, मोठ्या कंपनीत नको. मोठ्या ठिकाणी तुम्हाला हेल्मेट, ओळखपत्र आणि पॉवरपॉइंट मिळतं. छोट्या ठिकाणी तिसऱ्या दिवशी हजेरीचं पुस्तक हातात देतात, कारण माणूसच नसतो. कंपनी तिसऱ्या वर्षानंतर करा. तोवर काय विचारायचं ते कळलेलं असतं. रोजची डायरी लिहा: किती माणसं, काय काम, किती झालं. महिनाभरात तुमच्याकडे 'एक कडिया आणि दोन मजूर दिवसाला किती चणतर करतात' याचा स्वतःचा आकडा तयार होईल. पुस्तकातल्यापेक्षा तो कमी असेल, आणि पुढे मुलाखतीत तोच उपयोगी पडेल.

सॉफ्टवेअर आता शिका: आधी एक्सेल, मग एमएस प्रोजेक्ट, शेवटी प्रिमाव्हेरा. हाताने पंधरा कामांचं जाळं काढता येत असेल तर प्रिमाव्हेराला महिना पुरतो.

एम.ई.च्या प्रबंधाला 'प्रकल्पांना उशीर का होतो' हा विषय घेऊन पन्नास जणांना प्रश्नावली वाटू नका. तो विषय इतक्यांदा झाला आहे, की उत्तरं देणाऱ्यांनाही पाठ आहेत. त्यापेक्षा एकाच साइटची सहा महिन्यांची डायरी घ्या, ठरलेली तारीख आणि झालेली तारीख शेजारी शेजारी मांडा, आणि प्रत्येक फरकापुढे कारण लिहा. मार्गदर्शकांना सुरुवातीला ते किरकोळ वाटेल. पहिला तक्ता दाखवा, मग बोला.

नोकरीचं पत्र आलं की पगाराच्या आकड्याआधी पद वाचा. 'एक्झिक्यूशन' म्हणजे ऊन, 'बिलिंग' म्हणजे माप आणि भांडण, 'प्लॅनिंग' म्हणजे सगळ्यांच्या शिव्या. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष बिलिंग मागून घ्या. आणि पहिल्या दिवशी ५ मीटरची टेप, खिशात मावणारी वही आणि दोन पेनं न्या. दुसरं पेन समोरच्याला सहीसाठी. त्याच्याकडे ते कधीच नसतं.